खांद्याच्या वर

यशोधराने रोबोच्या खांद्यातली मोटर सातव्यांदा चालू केली. कंगवा धरलेला हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. पडद्यावर पुन्हा तेच वाक्य उमटलं: 'घरगुती रोबोला खांद्याच्या वर हात उचलण्यास मनाई आहे.'

"अहो, माझेच हात वर जात नाहीत म्हणून बनवलाय ना हा मेला!" ती फोनवर कडाडली. "दोन वर्षं शेजारीण माझे केस विंचरते."

"मॅडम, कुणीतरी रोबोकडून मारहाण करवली, तेव्हापासून सगळ्या मोटरी अशाच येतात," पलीकडचा रोबो-सुरक्षा खात्यातला अधिकारी गोड आवाजात म्हणाला. "त्यापेक्षा तुम्ही केसच का कापत नाही?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. केस काप म्हणे!

वीस वर्षं ती रोबोच्या वर्गात मुलांवर ओरडत आली होती: मोटर शून्यावर आणली की रोबोचा हात सरळ खाली धरूनच बसवा. तिरका बसवलात, तर हात कुठे आहे ते मोटरीला कळणारच नाही.

आज तिने दातओठ खात रोबोच्या हाताचा स्क्रू काढला. मोटर शून्यावर आणली आणि हात मुद्दाम खांद्याच्या रेषेत आडवा बसवला.

मोटर चालू करताच कंगवा थेट तिच्या डोक्यावर पोचला. मोटरीने इमानदारीत नोंद केली: हात खांद्यापर्यंतच आहे.

आता तो हात खांद्याच्या खाली मात्र कधीच येणार नव्हता. यशोधराने मनसोक्त केस विंचरून घेतले. मग कंगवा काढून घेतला, रोबोची मूठ मिटली आणि उगारलेल्या हातासकट त्याला रस्त्याकडच्या खिडकीत उभं केलं.