मूठभर मटकी

"साखर वाढली आहे. रोज मोड आलेली मटकी खात जा," असं डॉक्टरांनी वैजयंतीला बजावलं. तिने घरी येताच मूठभर मटकी भिजत घातली आणि सकाळी फडक्यात घट्ट बांधून बँकेत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑडिट निघालं, तिसऱ्या दिवशी लेकीचं गॅदरिंग. चौथ्या दिवशी मोड फडकं फाडून खिडकीच्या गजांना जाऊन भिडले होते. "उद्या नक्की उसळ करते," ती म्हणाली आणि बटाटेवडे मागवले.

महिन्याभरात वेलाने सगळं स्वयंपाकघर व्यापलं. नवरा त्यावर बनियन वाळत घालू लागला, लेक त्याच्या सावलीत अभ्यासाला बसू लागली. गॅसची शेगडी पानांत कुठे गेली ते कुणालाच सापडेना, त्यामुळे जेवण रोज बाहेरूनच येई.

शेंगा वाळल्या त्या रविवारी वैजयंतीला सवड होती. तिने त्या सोलल्या. मूठभर मटकी निघाली.

"आज तरी करतेस का उसळ?" नवऱ्याने विचारलं.

"अशीच कशी करू? आधी मोड नकोत का यायला?" म्हणत तिने मटकी भिजत घातली.

तेवढ्यात बँकेतून फोन आला.