सारखी दोरी

हरभरा पेरून झाला आणि पोत्यात निम्मं बियाणं उरलं. बबनरावानं पोतं हलवून पाहिलं. तिफणीमागं बियाणं सोडायला त्याची बायको पंचफुला होती. तिनं मूठ आखडली म्हणावं, तर तसली बाई ती नव्हे.

"काहून उरलं वं?"

"वावरच सरलं, त्याले मी काय करू?"

वावर सरलं? बबनराव चिडलाच. वाटणी परवाच झाली होती. तलाठ्याची मोजणीची साखळी आणवा, असं पंचफुला म्हणाली तेव्हा हाच तिच्यावर खेकसला होता, "सख्ख्या भावात साखळी कायले?" मग थोरल्या दौलतरावानं एकच दोरी दोघांच्या वाट्यांभोवती फिरवली. दादाचं वरचं चौकोनी वावर, याची नाल्याकाठची लांबच लांब पट्टी. दोरी दोन्हीकडे सारखी भरली. बियाणंही एकेक पोतं वाटून घेतलं. आता यात गफलत कुठं?

पंचफुलानं पोत्याच्या तोंडची सुतळी घेतली, गाठ मारून जमिनीवर गोल मांडली आणि आत हरभरे पसरले. मग दोन्हीकडून ओढून सुतळी लांबट केली. निम्मे दाणे बाहेर पडले.

"सुतळी तेवढीच हाये ना?"

"हाये."

"मंग दाणे काहून मावत नाहीत?"

"अरे बाप्पा!" बबनराव मटकन खाली बसला. "म्हंजे आमी नुसता घेर मोजला. वावर मोजलंच नाही!"

आणि त्याला आठवण झाली ती दादाची. बिचाऱ्या दादाला तरी हे कुठं ठाऊक! दोघंही सारखेच अडाणी. कळलं की तो स्वतःच मधला धुरा सरकवील, बांध नवा घालील. सुतळी मुठीत घेऊन हा गडी धावतच निघाला.

दादाची पेरणी अजून चालूच होती.

"दादा, आपल्या दोघाईचीबी चूक झाली! दोरीनं..." म्हणता म्हणता त्याची नजर धुऱ्यावर गेली. बियाण्याचं एक पोतं तिथं रिकामं पडलं होतं. शेजारी दुसरं उभं होतं, भरलेलं, तोंड शिवलेलं.

"हे दुसरं पोतं कवा आणलं?"

"मांगच्या बाजारी. अनसिंगहून." दादानं बैल थांबवले नाहीत.

मागचा बाजार तर वाटणीच्या आधी झाला होता. तेव्हा दोरी फिरलीसुद्धा नव्हती. पाठच्या भावाचा गळा असा कापतात?

"म्हंजे तुले ठाऊक होतं, दादा?"

दादानं तिफणीचा तास धुऱ्यापर्यंत पुरा केला, बैल वळवले. मग शांतपणे म्हणाला,

"दोरीचं दुसरं टोक तूच धरलं होतं ना, बबन?"