माळ्यावरचा पेंढा

लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात विमलला दम लागायला लागला. शेलूला माहेरी गेली की मात्र तिचा श्वास मोकळा व्हायचा.

"माहेरी जायची नाटकं हायेत," शेजारणी म्हणाल्या.

विमल पुन्हा माहेरी गेली, तेव्हा सासू येसूबाईही पाहुणी म्हणून मागोमाग गेली. विमल विहिरीवरून हंडे आणत होती, धाप म्हणून नव्हती. येसूबाईनं त्या घराची चूल पाहिली, अंथरूण पाहिलं, मग मान वर करून आढ्याकडं पाहिलं.

"तुमी पेंढा कुठं ठेवता?"

"गोठ्यात," विमलची आई म्हणाली.

घरी आल्यावर येसूबाई स्वतः माळ्यावर चढली. गळक्या कौलांखाली पेंढा काळा पडला होता. हात लावताच बुरशीचा धुरळा उठला आणि खाली विमलच्या अंथरुणावर बसला. तिनं सगळा पेंढा बाहेर काढायला लावला.

आठवडाभरात विमलची धाप थांबली.

"आत्याबाई, सगळ्यांना खोटं वाटलं. तुमाला खरं कसं वाटलं?"

"माझी लेक इथंच निजायची गं. अशीच धापायची. आमी तिला मरेपर्यंत भगताकडं नेत राहिलो."