दयाळू शत्रू

बापलेकांचा अबोला चालला होता. सासऱ्यांचं मन रमावं म्हणून सुनेने त्यांना मारामारीचा व्हिडिओ गेम लावून दिला. दहा खेळांतले योद्धे एकाच आखाड्यात, आणि शत्रूंना खेळवणार कॉम्प्युटर.

चौथ्या दिवशी सासरे म्हणाले, "सूनबाई, बाकीचे मला पडल्यावरही तुडवतात. हा निळा मात्र मी उठेपर्यंत थांबतो. कोण आहे हा?"

"कॉम्प्युटरच, बाबा."

"पडलेल्याला मारू नये, हे कॉम्प्युटरला कोणी शिकवलं?"

सासऱ्यांनी मुद्दाम आपला गडी पाडून घेतला आणि बटणांवरचे हात काढले. निळा मागे सरला, वाट पाहत उभा राहिला.

सासरे लेकाच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत म्हणाले, "मीच शिकवलं होतं. बोलाव त्याला. म्हणावं, समोर बसून मार."