यंदाचा वेताळ

"कुणाला सांगून पटायचं नाही सर, पण यातली एकही रेघ मी व्हिडिओवरून गिरवलेली नाही," भाग्यश्री म्हणाली. निवृत्ती सरांना ते पटलं नाहीच.

नाशकात ॲनिमेशन शिकवता शिकवता आणि पोरांच्या चोऱ्या पकडता पकडता सरांचे केस पिकले होते. कुणी परदेशी कार्टूनमधला घोडा उचलून त्याला फेटा बांधायचा, कुणी कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घेऊन खाली स्वतःची सही ठोकायचा. हे प्रकरण त्याहून पोचलेलं होतं.

पुण्याचा एक स्टुडिओ लोककलांवर मालिका काढणार होता आणि क्लासातून एकालाच घेणार होता. अट अशी की चाल स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेली हवी, व्हिडिओ खाली ठेवून गिरवलेली नको. भाग्यश्रीला घरून बजावलं होतं, ही जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मुकाट हरसूलजवळच्या पाड्यावर परत यायचं.

तिनं काढला होता यंदाच्या बोहाड्यातला वेताळ. बोहाडा म्हणजे पाड्यावरची जत्रा, लाकडी मुखवटे घालून देवाभुतांची सोंगं नाचतात ती. वेताळाचं सोंग तिच्या घरचं. नाचायचा मान तिच्या आज्याचा, सहादूचा. एखाद्या साली सोंग उठलं नाही, तर मान दुसऱ्या घरी जातो.

सरांना खुपत होता तो त्या चालीचा अस्सलपणा. वेताळ नुसती मान वळवत नव्हता, मुखवट्याच्या ओझ्यानं खांद्यासकट वळत होता. मध्येच पाय घसरून तो गुडघ्यावर यायचा आणि पडलोच नाही अशा तोऱ्यात तिथल्या तिथं गिरकी घ्यायचा. असलं काही मनानं कोण रचतं? पुढच्या चित्रात तर संबळवाला आणि गर्दी दोन बारीक भोकांतून दिसत होती.

मुखवट्यात मोबाइल बसवला होतास का, असं सरांनी सरळच विचारलं. भाग्यश्री म्हणाली, पंचांनी सगळ्यांचे मोबाइल आधीच काढून घेतले होते. आणि वेताळाला डोळ्यांतून दिसतच नाही, नाकपुड्यांतून दिसतं, हे तिला आज्यानं सांगितलंय. तिनं नाच बघितला तो बायांमध्ये पुढं बसून. बायांनी सोंगाला हात लावायचा नसतो, बघायला कोण अडवतंय?

"हिचे डोळे आहेत का सीसीटीव्ही?" मागून रविराज म्हणाला. त्याच जागेवर त्याचाही डोळा होता.

मग सरांनी डाव टाकला. भाग्यश्रीला पत्ता लागू न देता सहादूला निरोप धाडून क्लासात बोलावून घेतलं.

म्हातारा वहाणा दाराबाहेर काढून आला आणि त्या गार खोलीत खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला. त्याला बघून भाग्यश्रीचं तोंड उतरलं. सरांनी ते हेरलं. चहा पाजून त्यांनी गोड आवाजात विचारलं, यंदा कुणी तुमचं शूटिंग केलं का? सहादूनं मान हलवली, नाही म्हणून. मग सरांनी पडद्यावर वेताळ नाचवला.

सहादू पुढं झुकला. पुन्हा दाखवा म्हणाला. पुन्हा बघितला.

"तुमचा नाच बघून काढलं, म्हणते," सर म्हणाले.

"खोटं बोलती."

रविराज सावरून बसला. सरांनी नाव खोडायला पेन उचललं. भाग्यश्री फरशीकडे बघत राहिली.

"यंदाचा माझा नाच हिनं बघितलाच नाय," सहादू सावकाश म्हणाला. "मी तापानं घरात पडून व्हतो. डोळं उघडलं तर सोंग खुंटीवर नाय. सकाळी गाव म्हणतं, सहादू, गुडघ्यावर काय फिरलास! मान घरात राहिला म्हणून मी आपला गप बसलो. तवापास्नं घरातल्या एकेका गड्याचं तोंड न्याहाळतोय, माझ्या जागी नाचला कोण म्हणून."

तो नातीकडे वळला.

"आतून कुठनं दिसतं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाय. उगाच गड्यांवर संशय घेतला. सोंगात तू व्हतीस, भागे."