उन्हाळ्याआधीचा ‘द’

बालाजीरावांनी लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं, तेव्हाच गोदाला कळलं की आता काही खरं नाही. चौथीच्या इंग्रजी पुस्तकाचा धडा तिने वडिलांपुढे नुसता वाचायला ठेवला होता.

“‘इन द समर, मँगोज आर स्वीट.’ हा ‘द’ कुणी घातला?”

“मीच, अप्पा. चालतो तो.”

“चालतो म्हणून कुणालाही घरात घ्यायचं? उन्हाळा दरवर्षी येतो, त्याला ‘द’ कशाला? एखाद्या ठरावीक उन्हाळ्याबद्दल लिहिलंस तर गोष्ट वेगळी.” त्यांनी ‘द’वर काट मारली. पेन थोडं पुढे सरकून पुन्हा थांबलं. “आणि एवढ्यात स्वल्पविराम? दम लागला होता का तुला?”

स्वयंपाकघरातून आई हसली. गोदाला हसू आलं नाही. शहराच्या नुंगंबाक्कम भागातल्या कचेरीत शाळेची पुस्तकं तपासण्याचं काम ती करत होती. तिथे अडलेलं वाक्य घेऊन लोक तिच्या टेबलापाशी येत. मैलापूरच्या या घरात मात्र तिच्या लग्नाची पत्रिकासुद्धा तिच्या हातून अप्पांच्या हातात जाऊन, लाल होऊनच छापायला गेली होती. तिने धडा पिशवीत कोंबला. ओठांवर आलेलं नेहमीप्रमाणे कॉफीबरोबर गिळलं.

“उरलेले धडेही आण गं शनिवारी,” ते मागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता ते खुर्चीतच गेले.

वर्तमानपत्राच्या कचेरीत निधनाच्या जाहिराती घेणारी खिडकी कोपऱ्यात होती. गोदाने एकच ओळ लिहून आणली होती. भावाने आणखी चार सुचवल्या, त्या तिने घेतल्या नाहीत. या ओळीत अप्पांना काही सापडता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

खिडकीमागच्या गुरुमूर्तींनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. अप्पांच्या फोटोखाली ओळ होती: ‘इन समर ऑफ हिज एटिएथ इयर अवर फादर लेफ्ट अस.’

“‘समर’च्या आधीचा ‘द’ कुठे गेला? आणि ‘इयर’नंतरचा स्वल्पविराम?”

“ओळ चौकटीत मावत नव्हती, मॅडम. अर्थ तोच राहतो.”

“राहत नाही. हा कुठलाही उन्हाळा नाही. हा एकच आहे.”

गुरुमूर्तींनी चष्मा वर केला. “तमिळमध्ये ‘द’ नाही. तुम्ही घरी काय बोलता?”

“मराठी.”

“मराठीत आहे?”

“नाही.”

“मग?” ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “लोक फोटो बघतात, मॅडम, नाव बघतात. ‘द’ कोण बघणार?”

“अप्पा बघतील.”

गुरुमूर्तींनी कळफलक पुढे ओढला. त्यांनी ‘द’ घातला, स्वल्पविराम घातला. ओळ लांबली आणि शेवटचा ‘अस’ घसरून खाली गेला. चौकटीत तो एकटाच एका ओळीवर उभा राहिला.

“आता बरोबर?”

गोदाने वाचलं. पुन्हा वाचलं. बरोबर होतं. अप्पांना काट मारायला कुठे जागाच नव्हती. ती तरीही तिथेच उभी राहिली, कुणी काही म्हणेल म्हणून. मागच्या माणसाने खाकरून रांगेची आठवण करून दिली.

तिला एकदम राग आला. पडद्यावरच्या फोटोकडे बघून ती घरच्या भाषेत मोठ्याने म्हणाली, “एकदा तरी नुसतं वाचून ‘छान’ म्हणायचं होतंत, अप्पा.”

गुरुमूर्तींची बोटं कळफलकावर तयार होती.

“हे इंग्लिशमध्ये सांगा, मॅडम,” ते म्हणाले. “टाइप करतो.”