सुरी आठवते

"बघा नीट. घाई नाही," पोलीस अधिकारी म्हणाले.

भिंतीला टेकून सहा जण उभे होते. औषधाच्या दुकानातली बाई त्यांच्यासमोर आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सहाही जण तोच वाटत होते, आणि तो म्हणावा असा एकही नव्हता.

बारा दिवसांपूर्वी भर दुपारी ती दुकानात एकटी असताना एकाने काउंटरवरून वाकून तिच्या नाकासमोर सुरी धरली होती. झोपेच्या गोळ्यांचा अख्खा खोका घेऊन तो गेला. मिनिटभराचं काम. सुरी तिला अजून लख्ख दिसायची. मुठीला निळी चिकटपट्टी, तिचे दोन वेढे सुटलेले. टोकाशी मसुराएवढा गंज. पण सुरीच्या वर, जिथे माणसाचं तोंड असायला हवं, तिथे नुसतं धुकं.

"गंजाचा ठिपकासुद्धा सांगितलात, आणि हातभर अंतरावरचा माणूस आठवत नाही?"

"तेच मला कळत नाही, साहेब. डोळे तर उघडेच होते माझे."

अधिकाऱ्यांनी प्रत्येकाला चोराचं त्या दिवशीचं वाक्य बोलायला लावलं. "आवाज काढू नकोस," पहिला म्हणाला आणि तिला वाटलं, हाच! मग दुसरा म्हणाला. तेव्हाही हाच! सहाव्यापर्यंत तेच.

बाहेर बाकावर थोरला भाऊ बसला होता. आत येताना त्याने बजावलं होतं, "अगं, पोलीस उगाच कुणाला धरून आणतील का? जरा तसा वाटेल त्याच्याकडे बोट दाखव आणि मोकळी हो."

चौथा जरा तसा वाटत होता. दाढी वाढलेली, नजर चुकवणारा. तिने बोट उचललं. आणि बोट उचलताच धुक्यात त्याचा चेहरा अलगद येऊन बसायला लागला. भुवया, नाक, दाढी. इतका चपखल, की तिला स्वतःचीच भीती वाटली. मघापर्यंत कुठे होता हा?

तिने हात खाली घेतला.

"नाही सांगता येत, साहेब. खरंच नाही."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्या शांततेत रांगेतल्या कुणीतरी कोंडून धरलेला श्वास सोडला.

तिने चटकन वर पाहिलं. सहाही जण खाली मान घालून उभे होते.